शेवटून वाचणे

प्रूफ वाचायचं ते शेवटच्या शब्दापासून, उलटं.
अर्थ लागला की डोळा ढिला पडतो.
हे मला जळगावच्या छापखान्यात अण्णा भारंब्यांनी शिकवलं,
एका शोकपत्रिकेत मी हयात थोरल्या मुलाला
स्वर्गवासी करून टाकलं, त्या आठवड्यात.

म्हणून जुलेखा तडवीचा बायोडाटा
सावद्याच्या माझ्या दुकानात, लाइट गेलेली,
इन्व्हर्टरची चाळीसेक मिनिटं उरलेली,
मी खालून वर वाचायला घेतला.

'वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे.'
ठिकाण: सेव्हड.
संगणकानं सावद्याला सुधारलं होतं.
त्याच्या वर रावेरची नदी झालेली,
यावलची जांभई.
जांभई लगेच खोडली.
नदी थोडा वेळ राहू दिली,
मग तीही.

छंद: प्रवास.
'कुठे कुठे गेलीस?'
'बऱ्हाणपूर. दोनदा. दाताच्या डॉक्टरकडे.'
प्रवास ठेवला. स्पेलिंग बरोबर होतं.

भाषा तीन.
चौथी ती आत्ताच फोनवर आईशी बोलली होती,
मीठ आणायचं का नाही यावर.
मी काही विचारलं नाही.
त्या ओळीत जागाही नव्हती.

अनुभव: नाही.
शब्द चुकला तर टोचतो,
नसला तर काहीच टोचत नाही,
म्हणून गाळलेली जागा सगळ्यात शेवटी सापडते.
बारावीनंतर दोन वर्षं कोरी.

'ही दोन वर्षं?'
'बाबांचा पाय मोडला होता.
केळीच्या चेंबरवर त्यांच्या जागी बसत होते.'
'बसून काय करायचीस?'
'काय करणार? क्रेट मोजायचे, गाड्या लिहायच्या,
दर दोन तासांनी चेंबरचं तापमान वहीत.
रात्रीचंही.
एकदा दिल्लीच्या गाडीत बेचाळीस क्रेट कमी भरले,
ते मीच पकडले.'
'मग हे लिहिलं का नाही?'
'ते कायले? पगार बाबांच्या नावावर यायचा.'

कर्सर त्या कोऱ्या जागेत नेऊन ठेवला.
लुकलुकत राहिला,
चेंबरच्या दारावरच्या लाल दिव्यासारखा, असं ती म्हणाली.
मी इंग्रजी शब्द शोधून शोधून बसवले,
नोंदी ठेवणे, माल तपासणे, यांना तिकडे जे म्हणतात ते.
तिनं बोट ठेवत ठेवत वाचलं. 'ही मीच का?'
आणि एक शब्द खोडायला लावला: इन्चार्ज.
'इन्चार्ज रघुनाथभाऊ होते.
खाली सही माझी आहे, काका.'

आता सगळ्यात वर, नाव.
दहावीला तडवी,
बारावीच्या गुणपत्रिकेत मध्ये एक ए जादा,
आधारवर जुलेखाच्या जे-चा झेड.
'काम दिलं तर यातल्या कोणाला देतील?'

छापखान्यात अशा जागी आम्ही
समासात प्रश्नचिन्ह काढायचो
आणि मजकूर लिहिणाऱ्याकडे परत धाडायचो.
लिहिणारी समोरच होती,
स्टुलावर, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.
'दहावीचं ठेवा,' म्हणाली,
'शाळेत तो कागद आईनं भरला होता.
तिला तेवढंच इंग्रजी येतं, माझं नाव.'

इन्व्हर्टर टूं टूं करायला लागला.
दोन प्रती निघाल्या, दुसरी जरा फिकट.
वीस रुपये. तिनं सुटे दिले,
दहाची नोट नीट उलगडून.

चपला घालता घालता वर बघितलं तिनं.
'काका, टायपिंगला दुसरी वेलांटी पडलीय.
पहिली पाहिजे.'

दहा वर्षं झाली ती पाटी लावून.
रोज सकाळी मी तिच्याखालून आत येतो,
सरळ वाचत.